पहिली गाडी कुठल्या खात्यात लिहायची?



कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी मी कुणालाच उलाढाल विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो. लातूरचा व्यापारी असो की नांदेडचा, उत्तर ठरलेलं असतं, "चाललंय सर, बरंय." त्याऐवजी मी विचारतो, "तुमची पहिली फोर व्हीलर कोणती?" आणि मग बघा. दहा मिनिटांपूर्वी स्वतःचं नाव सांगताना लाजणारा माणूस गाडीचा नंबर सांगतो, रंग सांगतो, कुणाकडनं घेतली, कितीला घेतली, पहिल्या दिवशी कुठल्या देवाला नेली, पहिला ओरखडा कुणी पाडला, सगळं सांगतो. उदगीरच्या एका दालमिलवाल्यांनी त्यांच्या बोलेरोच्या स्टेपनीचा किस्सा सांगण्यात आख्खी चहाची सुट्टी खाल्ली होती.

मी मुद्दाम 'फोर व्हीलर' म्हणतो. कारण आपल्याकडं 'गाडी' म्हणजे काय, ते माणसाच्या वयावर ठरतं. आजोबांची गाडी म्हणजे बैलगाडी. काहींच्या तोंडी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी आगगाडी, १९११ पासून लातूरला येणारी. माझ्या लहानपणी "गाडी स्टँडला लाव" म्हणलं की ती लुना नाहीतर एम-एट्टी असायची. आणि हल्ली पंचविशीतला पोरगा "माझी पहिली गाडी" म्हणतो तेव्हा ती बऱ्याचदा छोटा हत्ती असते, हप्त्यावर घेतलेली, मागं देवाचं नाव लिहिलेली.

परवाच्या व्हिडिओत या विषयाला वेळ कमी पडला. म्हणून आज सविस्तर लिहितोय. आठवणीही सांगतो आणि हिशोबही सांगतो. दोन्ही एकाच वहीत असतात, हे मी आमच्या घरात बघितलंय.

गाडी मिळणं हीच बातमी असायची

आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पण एके काळी पैसे खिशात असूनही गाडी मिळत नव्हती. बाजारात होत्या दोनच मुख्य गाड्या, अँबेसेडर आणि फिएट. फिएटचं नाव पुढं प्रीमियर पद्मिनी झालं. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. वालचंदशेठ मूळचे आपल्या शेजारच्या सोलापूरचे, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं. नंबर लागलेला माणूस गाडी न वापरता जास्त पैशांत विकून मोकळा व्हायचा, हाही एक धंदाच होता.

मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. हरपाल सिंग यांनी ती गाडी विकली नाही. २०१० मध्ये ते गेले तोवर ती त्यांच्याकडंच होती. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, थंडीत सुरू करताना ओढायचा चोक. एवढीशी गाडी, पण २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं तोपर्यंत देशातल्या किती घरांची पहिली गाडी ती होती, त्याचा अंदाज तुम्ही आपापल्या गल्लीवरनं करा.

आमच्या घरची पहिली गाडीही तीच. पण नवीन नाही, डॉक्टरांची जुनी.

अण्णांची वही

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गंजगोलाईजवळ किराणा मालाचं ठोक दुकान चालवायचे. गंजगोलाई बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मध्ये देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार, आणि तिथनं सोळा रस्ते फुटतात. १९१७ साली बांधलेली ही रचना आजही व्यापाऱ्याला एक गोष्ट शिकवते. इथं कोण कशानं आलं, हे सगळ्या बाजाराला दिसतं. पायी आला, सायकलवर आला, मोटारीतनं उतरला.

गल्लीत एका डॉक्टरांकडं १९९१ ची पांढरी मारुती होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. उजाडायच्या आत डॉक्टर ती गाडी औषधं आणि चादरींनी भरून औशाच्या रस्त्याला लागले. पुढचे कितीतरी दिवस ती गाडी जात-येत होती. मी तेव्हा आठ वर्षांचा. मला त्यातलं एवढंच आठवतं की ती पांढरी गाडी परत यायची तेव्हा मातकट रंगाची असायची आणि कुणीही ती धुवा असं म्हणायचं नाही. अण्णांच्या मनात ती गाडी तेव्हाच बसली असणार. ते तसं कधी बोलले नाहीत. ते बोलतात ते फक्त आकड्यांचं.

तर आकडे ऐका. अण्णांना महिन्यातनं चार-पाच वेळा बाहेरगावी जावं लागायचं, उधारी गोळा करायला, माल बघायला. त्यासाठी भाड्याची जीप. १९९४ पासून त्यांनी जीपचं भाडं वेगळ्या पानावर लिहायला सुरुवात केली. तीन वर्षांची सरासरी निघाली वर्षाला १९,००० रुपये. १९९७ मध्ये डॉक्टरांनी गाडी काढायचं ठरवलं, तेव्हा किंमत ठरली १,०५,०००. नवीन गाडी दोन लाखांच्या वर होती. अण्णांनी मांडणी केली: पेट्रोल ८,०००, विमा, दुरुस्ती, टायर मिळून ६,०००. म्हणजे वर्षाचा खर्च १४,०००. वाचले किती? ५,०००.

आता तुम्ही म्हणाल, वाचले ना, मग घ्यायची गाडी. इथंच बहुतेकांची मांडणी थांबते. अण्णांची थांबली नाही. १,०५,००० रुपये दुकानातनं काढले की ते मालात फिरणार नाहीत. तेव्हा मोंढ्यात पैशाचा भाव होता महिन्याला शेकडा दीड रुपया. म्हणजे वर्षाचे १८,९०० झाले. वाचणार ५,००० आणि बुडणार १८,९००. फरक जवळपास १४,००० रुपयांचा. ही गाडी धंद्याच्या हिशोबात बसत नव्हती. सरळ सरळ नव्हती.

तरी अण्णांनी घेतली. पण त्यांनी जे केलं ते मी आज पंधरा वर्षं शिकवतोय आणि दहातला एक जण करतो. त्यांनी वहीत 'गाडी खाते' नावाचं पान काढलं. दुकानाच्या कामाला गाडी गेली की जीपच्या भाड्याच्या दरानं दुकान त्या खात्यात पैसे जमा करायचं. त्याहून एक रुपया जास्त नाही. उरलेला सगळा खर्च घराच्या नावावर. म्हणजे महिन्याला अकराशे-बाराशे रुपये घरानं सोसायचे. घरात पैसे येणार कुठनं? घरखर्चाची उचल तेवढीच राहिली. त्यातनंच कापायचे.

कापलं गेलं ते आईचं फ्रीज. १९९७ च्या दिवाळीला येणार होतं, ते २००० साली आलं. आजही गाडीचा विषय निघाला की आम्ही भावंडं हरखून बोलतो आणि आई मधेच म्हणते, "तीन उन्हाळे माठातलं पाणी पिलाव तुम्ही, तेबी सांग की लोकांना." सांगितलं, आई.

वेळ अमावस्येची सवारी

गाडी दसऱ्याला घरी आली. झेंडूची माळ, नारळ, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. गोलाईतले हमाल, शेजारचे भांडीवाले, समोरचे सोनार, सगळे पेढे खाऊन गेले. "काय शेठ, मोटार घेतलाव म्हणं!" हे वाक्य अण्णांनी त्या आठवड्यात शंभरदा ऐकलं असेल. आणि एक गंमत. लातूरच्या बाहेरचे जे ठोक व्यापारी आठ दिवसांची उधारी द्यायला कां-कूं करायचे, त्यांनी दिवाळीनंतर आपणहून पंधरा दिवसांची केली. अण्णांची ऐपत एका रुपयानंही वाढलेली नव्हती, उलट लाखभर रुपये कमी झाले होते! बाजार डोळ्यांनी हिशोब करतो. अण्णा ती जादा उधारी घेत नसत. पंधराव्या दिवसाची मुभा असली तरी आठव्या दिवशी पैसे पाठवायचे. का, तर "गाडी बघून दिलेली उधारी गाडी गेली की बंद होते."

पण तुम्ही मला विचाराल की गाडीची सगळ्यात मोठी आठवण कुठली, तर ती बाजारातली नाही. ती आहे वेळ अमावस्येची.

जे लातूर, धाराशिव, नांदेडच्या बाहेरचे वाचक आहेत त्यांना थोडं सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं आख्खं गाव शेतात जातं. शहरात शुकशुकाट. दुकानं बंद, रस्ते मोकळे. शेतात कडब्याची खोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव मांडलेले, त्यांची पूजा. मग भज्जी, म्हणजे हिरव्या तुरीच्या-वटाण्याच्या-हरभऱ्याच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावून केलेली मिसळभाजी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबवलेली अंबील, मातीच्या बिंदगीत भरलेली. शेत नसलेल्या माणसालाही कुणी ना कुणी बोलावतंच.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं गेलो. मोजून सांगतो: पुढं अण्णा, शेजारी आजोबा, मागं आई, काकू, आत्या, त्यांच्या मांडीवर आम्ही चौघं लेकरं. आणि पुढच्या सीटखाली आजोबांच्या दोन पायांत अंबिलीची बिंदगी. तोंडाला धडपं बांधलेलं. लातूरपासनं शेतापर्यंत शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता गाडीवाटेचा, काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला. मारुतीचं पोट जमिनीला घासत होतं. एका चाकोरीत गाडी आदळली आणि आंबलेली अंबील फसफसून धडप्यातनं वर आली. आजोबांचं धोतर, गाडीची मॅट, गिअरचा दांडा, सगळं पांढरं. एक क्षण कुणी काही बोललं नाही. मग आजोबा म्हणाले, "हिनं आधी खाल्लं, आता आपण खाऊ."

पुढं आठ-दहा दिवस गाडीत आंबट ताकाचा वास होता. अण्णांनी मॅट धुवायचे वीस रुपये 'गाडी खात्या'त लिहिले. समोर खूण: घर.

त्या वहीत मी पुढं मोठेपणी नजर टाकली तेव्हा कळलं की त्यात फक्त खर्च नाही. प्रत्येक फेरीसमोर माणसंही लिहिलेली आहेत. 'तुळजापूर, आई-आत्या.' 'सरकारी दवाखाना, भांडीवाल्यांची सून, बाळंतपण.' 'औसा, लग्न, गल्लीतले पाच.' 'रेणापूर, वसुली.' गल्लीतल्या बाळंतपणाच्या फेऱ्या मी मोजल्या, बारा वर्षांत सात. त्याचे पैसे कुणाकडनं घेतले नाहीत आणि दुकानाच्या माथीही मारले नाहीत. घर. प्रत्येक ठिकाणी घर.

नांदेडचे मामा

दुसरी गाडी मामांची. मामांचं नांदेडला वजिराबाद भागात कपड्याचं दुकान. माणूस दिलदार, बोलका, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय पाठवायचा नाही. २००० सालच्या दिवाळीत मामांनी नवीकोरी इंडिका घेतली, डिझेल. टाटांनी १९९८ च्या शेवटी ही गाडी आणली आणि डिझेलच्या हिशोबामुळं आपल्याकडं तिची हवा झाली होती. आमची जुनी मारुती आणि मामांची नवी इंडिका! आम्हा भाच्यांना पक्षांतर करायला एक दिवससुद्धा लागला नाही.

मामा ती गाडी दाखवायला लातूरला आले. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत. माळेगावला थांबले, खंडोबाचा भंडारा गाडीला लावला. माळेगावची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे, घोडे, उंट, गाढवं सगळं विकायला येतं. मामा तेव्हा अण्णांना म्हणाले होते, "भावजी, माझ्या आज्यानं इथनंच घोडं नेलं होतं. तेबी उधारीवर."

गाडीचे सुरुवातीचे पैसे मामांनी आणले कुठनं? दिवाळीच्या विक्रीतनं. आता कपड्याच्या धंद्यातले वाचक इथं मान हलवतील. दिवाळीचा पैसा हा नफा दिसतो, पण त्यातला मोठा हिस्सा असतो लगीनसराईच्या मालाचा. तो पैसा गाडीत गेला. डिसेंबरात माल भरायला हात आखडला. फेब्रुवारी ते मे, बस्त्यासाठी आलेल्या घरांना शालू दाखवायला होते, पण पुरेसे नव्हते. चार साड्या बघून गिऱ्हाईक "बघून येतो" म्हणायचं आणि शेजारच्या दुकानात बसायचं. बस्त्याचं गिऱ्हाईक एकदा गेलं की त्या घराची पुढची दोन-तीन लग्नंही जातात, हे तुम्हाला माहीत आहे. वर महिन्याचा हप्ता. तिसऱ्या वर्षी दोन हप्ते थकले, फायनान्सवाल्यांची माणसं दुकानात येऊन बसली, भर गिऱ्हाइकात. २००३ मध्ये मामांनी गाडी विकली, जे आलं त्यातनं कर्ज फिटलं आणि हातात काही उरलं नाही.

मी बी.कॉम.ला असताना, नवं नवं शिकलेलं डोकं, मामांना कागदावर मांडून दाखवलं की गाडीनं दुकानाचं किती नुकसान केलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बरोबर लिहिलास. आता हे सांग, तुझ्या आजीला मी माहूरला नेलो, ते ह्यात कुठं लिहिलास?"

आजीला रेणुकामातेला जायचं होतं, कितीतरी वर्षांपासनं. एस.टी.नं जायची तिची ताकद नव्हती. २००१ च्या चैत्रात मामांनी तिला इंडिकात पुढं बसवलं, पाठीला उशी दिली, पहाटे नांदेड सोडलं. वाटेत दोनदा थांबले, पळसाच्या सावलीत तिला झोपवलं. गडावर डोलीनं नेलं. परत येताना ती रस्ताभर बोलत होती म्हणे, लग्नाआधीचं, रझाकारांच्या काळातलं, कुणी कधी न ऐकलेलं. पुढच्या वर्षी ती गेली.

याचं उत्तर तेव्हा मला आलं नाही. आज विचाराल तर देतो, पण मामांसमोर देणार नाही. माहूरला जायला भाड्याची सुमो मिळाली असती. तीच उशी, तोच पळस, तीच आजी. तो दिवस गाडीच्या मालकीचा नव्हता, मामांनी काढलेल्या वेळेचा होता. हे मला पटतं. आणि तरीही मामांचा चेहरा आठवला की वाटतं, स्वतःच्या गाडीचं दार उघडून आईला पुढं बसवण्यात माणसाला जे मिळतं, ते भाड्याच्या गाडीत नाही मिळत. ही भावना खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र तिचा खर्च बस्त्याच्या शालूंनी भरला, आणि तो घरानं भरायला पाहिजे होता.

लोक काय बघतात

गाडी ही चारचौघांत दिसण्याची वस्तू आहे, हे मोठमोठ्या कंपन्याही विसरतात. रतन टाटांनी नॅनो आणली ती स्कूटरवर चौघं बसलेल्या कुटुंबासाठी. २००९ मध्ये बाजारात आली, लाखाची गाडी म्हणून. हेतू सोन्यासारखा. पण 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का तिला बसला आणि त्यानं नुकसान केलं, हे पुढं खुद्द रतन टाटांनी जाहीरपणे मान्य केलं. पहिली गाडी घेणाऱ्याला स्वस्त गाडी हवी असते, पण ती स्वस्त आहे हे शेजाऱ्यानं म्हणलेलं नको असतं. तुम्ही काहीही विकत असा, साबण किंवा सोलर पंप, हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही मराठवाड्यातलंच. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींची खरेदी. देशभर बातमी झाली. संख्येच्या जोरावर सवलत मिळवली, बँकेकडनं सात टक्क्यांनी कर्ज मिळवलं. सामूहिक खरेदीचा धडा म्हणून मी हे वर्गात सांगतो. पण त्याच भागात ट्रॅक्टरच्या कर्जाला शेतकरी याहून बराच जास्त व्याज भरत होता, हे पी. साईनाथ यांनी तेव्हाच 'द हिंदू'त लिहिलं होतं. तोही भाग मी सांगतो. काहींना आवडत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली पहिली गाडी मात्र देगलूरकडच्या एका ताईंची. मसाले आणि पापडाचा उद्योग. २०११ मध्ये जुनी ओमनी घेतली. स्वतः शिकल्या, स्वतः चालवायच्या. सकाळी मागची सीट काढून मसाल्याची पोती, संध्याकाळी सीट लावून सासूबाई आणि लेकी. पेट्रोल पंपावर सुरुवातीला लोक थांबून बघायचे. "सर, त्या बघण्यामुळंच माझं नाव झालं. मसालेवाली गाडी म्हणू लागले. पाटी लावायचा खर्च वाचला." गाडीला तिखटाचा वास इतका की पाहुणे बसले की शिंकायचे. त्यांनी ओमनी अजून ठेवलीय. मालासाठी आता टेम्पो आहे.

तुम्ही आता घेताय म्हणून

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरनं १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासनं माझ्या फोनवर एकच प्रश्न: "सर, घेऊ का?" भराभर सांगतो.

धंद्यात वापरायच्या साध्या कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. गाड्या विकणं, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल हाच तुमचा धंदा असेल तरच मिळतं. मालवाहू टेम्पोचं मिळतं. म्हणून "जीएसटी परत मिळतो" असं कुणी सांगितलं तर कुठल्या गाडीवर, ते विचारा. आयकरात कारवर शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी निम्माच. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, त्या दिवशी घेऊन वापरायला काढलेली गाडी १८० दिवसांत बसली. पाडव्याला, २२ ऑक्टोबरला घेतलेली नाही बसली. घरच्या वापराचा हिस्सा खर्चात धरता येत नाही, तो तुमच्या सीएंकडनं वेगळा काढून घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं फिरवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

हप्त्याचं एकच सांगतो. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज. सात वर्षांचा हप्ता साधारण ९,६५० आणि पाच वर्षांचा १२,४५०. शोरूममध्ये तुम्हाला पहिला आकडा दाखवतील. एकूण परतफेड मात्र आठ लाख दहा हजार विरुद्ध सात लाख सत्तेचाळीस हजार. सात वर्षांचाच हप्ता परवडत असेल तर जुनी गाडी बघा, डॉक्टरांची मिळाली तर उत्तम.

आणि घ्यायच्या आधी सहा महिने अण्णांसारखं पान काढा. भाड्याच्या गाडीचा खर्च लिहा. दुकान किती देऊ शकतं ते कळेल. उरलेलं घरानं द्यायचं. घरात बसून बोला, काय थांबवणार. आमच्याकडं फ्रीज थांबलं. तुमच्याकडं काय थांबेल ते जिला थांबवावं लागणार, तिला विचारा.

विकताना

२००९ मध्ये अण्णांनी मारुती विकली. अहमदपूरकडचा एक दूधवाला आला, भाव केला, १८,००० ला ठरलं. माणूस चांगला, घाईत. म्हणाला, "शेठ, नावावर करून घेतो निवांत, गाडी द्या आज." अण्णांनी गाडी दिली नाही. आधी त्याच्यासोबत आर.टी.ओ.त गेले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विम्याची कागदं, सगळं. मग एक किल्ली दिली. दुसरी किल्ली गल्ल्यात ठेवली, नव्या नावाचं आर.सी. बुक दाखव आणि घेऊन जा म्हणून.

तेव्हा आम्हाला हा अतिरेक वाटला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं की गाडी कितीही हातांतनं गेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्यानं मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तुमची जुनी गाडी आज कुणाच्या तरी दारात उभी असेल आणि कागदावर अजून तुमची असेल, तर हा लेख इथं सोडा आणि आधी ते बघा.

दोन महिन्यांनी दूधवाला आर.सी. बुक घेऊन आला. गाडीनंच आला. मागची सीट काढून टाकलेली, तिथं दुधाचे चार कॅन, मॅटवर दूध सांडून वाळलेलं. आई बाहेर आली, काच खाली होती, तिनं आत डोकावून वास घेतला आणि हसायला लागली. अण्णांनी गल्ल्यातनं किल्ली काढून दिली, आत जाऊन वही उघडली, १८,००० जमा दाखवले. समोर खूण केली: घर. आणि त्याच पैशांत थोडे घालून त्या महिन्यात आईला नवीन, मोठं फ्रीज आणलं.